‘येथे’ म्हणजे कोठे? जावा वेब-उपयोजनांतील सापेक्ष व निरपेक्ष पत्ते

दुकानाच्या भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावलेली महाराष्ट्रात पुष्कळांच्या पाहण्यात असेल. ह्या पाटीतील सारी खोच ‘उद्या’ ह्या एका शब्दात आहे. पाटी लिहिली गेली एका दिवशी, पण ‘उद्या’चा अर्थ ती वाचली जाते त्या दिवसावरून ठरतो, आणि गिऱ्हाईक दररोज ‘आज’च येत असल्यामुळे उधारीचा दिवस कधीच उजाडत नाही. पाटीऐवजी ‘पाच तारखेस उधार मिळेल’ असे लिहिले असते, तर दुकानदारास शब्द पाळावा लागला असता.

‘आज’, ‘उद्या’, ‘येथे’, ‘पलीकडे’, ‘मी’, ‘तू’ ह्यांसारख्या शब्दांना स्वतःचा असा स्थिर निर्देश नसतो. ते कोणीतरी, कोठेतरी, केव्हातरी उच्चारले म्हणजे त्या उच्चारणाच्या बिंदूपासून त्यांचा निर्देश मोजावयाचा असतो. कार्ल ब्यूलर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मधील आपल्या भाषासिद्धांतविषयक ग्रंथात ह्या बिंदूस ‘ओरिगो’ अशी संज्ञा दिली. मराठीत त्यास ‘मूलबिंदू’ म्हणावयास हरकत नाही. संगणकाच्या जाळ्यावरील पत्त्यांचा विचार करताना ही संज्ञा अनपेक्षितपणे उपयोगी पडते. जाळ्यावरील पत्ते, म्हणजे यूआरएल, दोन प्रकारचे असतात. निरपेक्ष पत्ता कोठूनही वाचला तरी एकाच ठिकाणी नेतो. सापेक्ष पत्ता मात्र ‘पलीकडे’ ह्या शब्दासारखा असतो. कशाच्या पलीकडे, हे ठाऊक असल्याशिवाय त्यास अर्थ नाही. जावा भाषेत रचलेल्या वेब-उपयोजनांत दुवे तुटण्याचे, चित्रे न दिसण्याचे, पाने सजावटीवाचून उघडीबोडकी येण्याचे जे प्रकार वारंवार घडतात, त्यांतील बहुसंख्यांचे मूळ लिहिणाऱ्याचा मूलबिंदू एक आणि वाचणाऱ्याचा दुसरा, ह्या एकाच गोष्टीत सापडते.

प्रथम सापेक्ष पत्त्याचा अर्थ कसा लावला जातो ते पाहू. यूआरएलचे नियम १९९४ मध्ये आरएफसी १७३८ ह्या पत्रकाने आणि सापेक्ष पत्त्यांचे नियम १९९५ मध्ये आरएफसी १८०८ ह्या पत्रकाने मांडले गेले. जानेवारी २००५ मधील आरएफसी ३९८६ ह्या पत्रकात त्यांची एकत्रित व काटेकोर मांडणी आहे. पत्त्याचे घटक डावीकडून उजवीकडे असे: संदेशवहनाची पद्धत, सर्व्हरचे नाव, मार्ग, आणि प्रश्नचिन्हानंतर येणारी पृच्छा. सापेक्ष पत्त्यात डावीकडचे काही घटक गाळलेले असतात आणि ते आधारपत्त्यावरून घ्यावयाचे असतात. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांस येथे पाणिनीय सूत्रांतील अनुवृत्तीची आठवण होईल. मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात पुन्हा न उच्चारता गृहीत धरले जाते. सूत्र सुटे काढून वाचले तर ते अपुरे वाटते. त्याचप्रमाणे पत्ता एका स्लॅशने, म्हणजे तिरप्या रेघेने, सुरू झाला तर पद्धत आणि सर्व्हरचे नाव ह्यांची अनुवृत्ती होते. दोन स्लॅशनी सुरू झाला तर केवळ पद्धतीची होते, आणि त्या दोन स्लॅशनंतरचा शब्द सर्व्हरचे नाव म्हणून वाचला जातो. पत्ता स्लॅशवाचून सुरू झाला, तर आधारपत्त्यातील मार्गही उतरतो, परंतु शेवटच्या स्लॅशपर्यंतच. त्यापुढील तुकडा टाकून दिला जातो. ‘..’ ही खूण आणखी एक पायरी वर नेते. मूळ पायरीच्याही वर जाण्याचा प्रयत्न केल्यास दोष दाखविला जात नाही, जास्तीच्या खुणा मुकाट्याने गळून पडतात. हा मुकाटपणा पुढे बराच त्रास देतो.

आता एक उदाहरण घेऊ. एखाद्या भाषाविभागाने बोलींतील शब्दांचा कोश जावा सर्व्हलेटच्या साहाय्याने रचला आहे आणि तो टॉमकॅट ह्या सर्व्हरवर चालतो, अशी कल्पना करावी. (प्रत्यक्षात असल्या नावांसाठी बहुधा रोमी अक्षरे वापरतात, येथे ती सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.) कोशाचे काम ज्या संगणकावर झाले, तेथे हे एकच उपयोजन होते व ते सर्व्हरच्या मुळाशीच बसविलेले होते. मुखपृष्ठाचा मार्ग ‘/मुखपृष्ठ’, नोंदीचा ‘/नोंद/पाणी’, सजावटीच्या सीएसएस फाइलचा ‘/शैली/मुख्य’. सर्व पानांत सजावटीचा पत्ता ‘/शैली/मुख्य’ असाच लिहिला आणि सर्व काही यथास्थित दिसले. नंतर कोश विद्यापीठाच्या सर्व्हरवर नेला. तेथे अन्य उपयोजनेही नांदत असल्यामुळे त्यास ‘/बोलीकोश’ ह्या उपनामाखाली जागा मिळाली. हे उपनाम म्हणजे कॉन्टेक्स्ट पाथ. १९९९ मधील सर्व्हलेट २.२ ह्या विनिर्देशाने वेब-उपयोजन ही एक स्वतंत्र, कोठेही उचलून ठेवता येण्याजोगी वस्तू मानली, तेव्हापासून उपनाम हे ठेवणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहिले. रचणाऱ्यास ते आधी ठाऊक असतेच असे नाही. परिणामी कोश उघडला, परंतु ब्राउझरने ‘/शैली/मुख्य’ हा पत्ता सर्व्हरच्या मुळाशी शोधला. तेथे तशी फाइल नव्हती. उत्तर आले ४०४.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो आरंभीचा स्लॅश काढून टाकण्याचा. पत्ता ‘शैली/मुख्य’ असा केला की मुखपृष्ठ सुधारते, कारण ‘/बोलीकोश/मुखपृष्ठ’ ह्यातील शेवटचा तुकडा जाऊन ‘/बोलीकोश/शैली/मुख्य’ हा योग्य मार्ग तयार होतो. पण ‘/बोलीकोश/नोंद/पाणी’ ह्या पानावर तोच पत्ता ‘/बोलीकोश/नोंद/शैली/मुख्य’ असा उलगडतो. मग ‘../शैली/मुख्य’ लिहावे, तर नोंदीचे पान सुधारते आणि मुखपृष्ठ पुन्हा बिघडते. ‘/नोंद/पाणी’ आणि ‘/नोंद/पाणी/’ ह्या दोन रूपांतही भेद आहे: अखेरच्या स्लॅशमुळे टाकावयाचा तुकडा बदलतो आणि आधार एक पायरी खाली सरकतो. माणसास हे दोन्ही पत्ते एकच वाटतात. ब्राउझरला ते एक नव्हेत.

ह्याहून फसवा एक प्रकार आहे. ‘/नोंद/’ ने सुरू होणारे सर्व मार्ग एकाच सर्व्हलेटकडे सोपविलेले असले, तर ‘/बोलीकोश/नोंद/शैली/मुख्य’ ही मागणीही त्याच्याकडेच जाते. तो ‘शैली/मुख्य’ हा एक शब्द समजून कोशात शोधतो, आणि ‘असा शब्द कोशात नाही’ असे सुबक पान तयार करून, यशाच्या २०० ह्या क्रमांकासह परत धाडतो. ब्राउझरला सजावट हवी असते, मिळते एचटीएमएल. तो ते नाकारतो. सर्व्हरच्या नोंदवहीत ४०४ चा मागमूस नसतो, आणि दोष शोधणारा माणूस सीएसएस फाइलमध्येच काही बिघडले असावे अशा समजुतीने ती ओळीओळीने तपासत बसतो.

आतापर्यंतच्या उदाहरणांत पत्ता वाचणारा एकच होता, तो म्हणजे ब्राउझर. खरा गुंता सुरू होतो तो वाचणारे दोन झाल्यावर. सर्व्हलेट आपले काम दुसऱ्या पानाकडे दोन रीतींनी सोपवू शकतो. फॉरवर्ड ह्या रीतीत सर्व व्यवहार सर्व्हरच्या आतच होतो. रिडायरेक्ट ह्या रीतीत ब्राउझरला नवा पत्ता कळवून ‘तेथे जावे’ असे सांगितले जाते. दोहोंसाठी पत्ता लिहावा लागतो, आणि दोहोंत आरंभी स्लॅश देता येतो. परंतु फॉरवर्डसाठी रिक्वेस्टडिस्पॅचरला दिलेला स्लॅश म्हणजे उपयोजनाचे मूळ, तर सेंडरिडायरेक्टला दिलेला स्लॅश म्हणजे संपूर्ण सर्व्हरचे मूळ. एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक अशा दोन ओळींत, एकाच खुणेचे दोन अर्थ होतात. ह्यात विसंगती दिसते खरी, पण तिला कारण आहे: पहिला पत्ता वाचणारा उपयोजनाच्या घरातच असतो, तर दुसरा बाहेरच्या ब्राउझरसाठी असतो, आणि त्यास घराची अंतर्गत रचना ठाऊक नसते. स्प्रिंग ह्या चौकटीत ‘रिडायरेक्ट:’ ह्या उपसर्गानंतरचा स्लॅश एरवीच्या मांडणीत उपयोजनाच्या मुळापासून मोजला जातो. त्यामुळे ज्याचा हात स्प्रिंगवर बसला आहे, तो साध्या सर्व्हलेटकडे वळला की नेमका येथे चुकतो.

फॉरवर्डमुळे होणारा घोटाळा अधिक खोल आहे. वाचकाने ‘/बोलीकोश/शोध’ ह्या पत्त्यावर शब्द शोधला. सर्व्हलेटने निकाल काढून ‘/दृश्य/याद्या/निकाल’ ह्या जेएसपी पानाकडे काम फॉरवर्ड केले. जेएसपी लिहिणारा आपल्या पुढ्यातील फोल्डरांची रचना पाहून पत्ते लिहितो. त्याच्या दृष्टीने ‘येथे’ म्हणजे ‘/दृश्य/याद्या/’. ब्राउझरला ह्या अंतर्गत हस्तांतराची वार्ताही नसते. त्याच्या पट्टीत ‘/बोलीकोश/शोध’ हाच पत्ता असतो, आणि त्याच्या दृष्टीने ‘येथे’ म्हणजे ‘/बोलीकोश/’. ‘../../चित्रे/नकाशा’ हा पत्ता फोल्डरांच्या हिशेबाने निर्दोष असूनही ब्राउझर तो सर्व्हरच्या मुळाशी नेऊन सोडतो. वर सांगितलेला मुकाटपणा येथे आड येतो: एक पायरी जास्तीची होती, हे कोणीच कळवीत नाही. उपयोजन मुळाशी बसविलेले असताना तर हाच चुकीचा पत्ता योगायोगाने योग्य ठिकाणी पोहोचतो, आणि दोष कित्येक महिने झाकून राहतो.

जुन्या मराठी पत्रांत ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ असा मायना असे. पत्र साताऱ्यास लिहिलेले आणि नागपुरास वाचलेले असले, तरी ‘इकडील’ म्हणजे साताऱ्याकडील, हे वाचणारा बिनचूक ओळखी. कारण पत्राच्या माथ्यावर ‘मु. सातारा’ असे लिहिलेले असे. लिहिणाऱ्याचा मूलबिंदू पत्रातच नोंदविलेला असल्यामुळे वाचणारा स्वतःचा मूलबिंदू बाजूस ठेवू शके. एचटीएमएलमध्ये ‘मु. सातारा’चे काम बेस ही खूण करते. पानाच्या शिरोभागात तिने आधारपत्ता दिला की त्या पानातील सर्व सापेक्ष पत्ते त्यापासून मोजले जातात, ब्राउझरच्या पट्टीत काहीही असो. उपाय आकर्षक आहे, पण सरसकट शिफारस करण्याजोगा नाही. एक तर हा आधार स्लॅशने संपला पाहिजे, अन्यथा त्याचाही शेवटचा तुकडा गळतो. दुसरे असे की पानातल्या पानात तळटीपेकडे नेणारे ‘#टीप’ ह्या धर्तीचे दुवेही नव्या आधारापासूनच मोजले जातात. वाचक तळटीप पाहावयास जातो आणि मुखपृष्ठावर पोहोचतो. कोशासारख्या, टीपांनी भरलेल्या ग्रंथात हा दोष लहान नव्हे.

अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे ब्राउझरने वाचावयाचा प्रत्येक अंतर्गत पत्ता स्लॅशपासून लिहिणे आणि त्यापूर्वी उपनाम जोडणे. उपनाम हाताने लिहू नये. मागणीच्या वस्तूस गेटकॉन्टेक्स्टपाथ ह्या पद्धतीने ते विचारावे. किंवा जेएसटीएल ह्या संग्रहातील यूआरएल ही खूण वापरावी, ती स्लॅशने सुरू होणाऱ्या पत्त्यापुढे उपनाम आपण होऊन लावते. एका तपशिलाकडे मात्र लक्ष हवे. गेटकॉन्टेक्स्टपाथ जे परत देते, त्याच्या आरंभी स्लॅश असतो, अखेरीस नसतो. आणि उपयोजन मुळाशी बसविले असेल तर ते रिकामी अक्षरमाला परत देते. हे ध्यानात न घेता कोणी उपनामाच्या आधी आणखी एक स्लॅश जोडला, तर मुळाशी बसविलेल्या उपयोजनात ‘//शैली/मुख्य’ असा पत्ता तयार होतो. आरंभीचे दोन स्लॅश म्हणजे सर्व्हरचे नाव, हा नियम वर आलाच आहे. ब्राउझर मग ‘शैली’ नावाचा सर्व्हर जगभर शोधू लागतो. ४०४ येत नाही. पान बराच वेळ खोळंबून राहते किंवा सर्व्हर सापडत नसल्याची तक्रार येते, आणि संशय जाळ्याच्या जोडणीवर जातो.

उपनाम विचारून घेण्याचा उपायही एका ठिकाणी थिटा पडतो. मोठ्या संस्थांत टॉमकॅट थेट जगासमोर नसतो. पुढे दुसरा सर्व्हर मध्यस्थ म्हणून उभा असतो. जग ‘/बोलीकोश’ असे विचारते आणि मध्यस्थ ते नाव काढून मागणी आतल्या मुळाशी पोहोचवितो. आतल्या उपयोजनास आपले उपनाम रिकामे आहे असेच वाटते, आणि ते प्रामाणिकपणे चुकीचे पत्ते लिहिते. रिडायरेक्टमध्ये हा दोष ठळक होतो. जून १९९९ च्या आरएफसी २६१६ प्रमाणे रिडायरेक्टचा पत्ता पूर्ण निरपेक्ष असणे आवश्यक होते. म्हणून सर्व्हलेटचा सर्व्हर सापेक्ष पत्त्यास स्वतःस ठाऊक असलेली पद्धत व नाव जोडून देई. ते ठाऊक असलेले नाव आतले असले, तर वाचकाच्या पट्टीत अचानक ८०८० हा क्रमांक उमटतो किंवा सुरक्षित एचटीटीपीएस जाऊन साधे एचटीटीपी येते. जून २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने ह्या ठिकाणी सापेक्ष पत्त्यास मोकळीक दिली. तथापि निरपेक्ष पत्ता बनविणारी जुनी रीत अनेक ठिकाणी टिकून राहिली. मध्यस्थाने मूळ पद्धत व नाव शीर्षकांतून आत कळवावे आणि टॉमकॅटमध्ये ती वाचणारा रिमोटआयपीव्हॉल्व्ह बसवावा, हा एक उपाय. उपनामापुरते बोलावयाचे तर आत आणि बाहेर एकच उपनाम ठेवणे हे सर्वांत कमी कटकटीचे. दोन उपनामांचा मेळ घालणारे चतुर नियम लिहिता येतात, पण सत्राच्या कुकीवरही उपनामाचाच मार्ग असतो, आणि तो न जुळल्यास वाचकास पानापानाला पुन्हा प्रवेश करावा लागतो. तेवढ्यासाठी आणखी एक नियम, मग त्या नियमासाठी आणखी एक, असे ते वाढत जाते.

दोष शोधताना क्रम कोणता ठेवावा, हे ह्यावरून सुचते. मूळ फाइलमध्ये काय लिहिले आहे ते आधी पाहू नये. ब्राउझरच्या विकासक-साधनांतील जाळ्याच्या नोंदीत त्याने प्रत्यक्ष मागितलेला पूर्ण पत्ता असतो. तो प्रथम वाचावा. नंतर पट्टीतील पत्ता पाहावा, पानात बेस आहे काय ते पाहावे, आणि वरील नियमांनी उलगडा हाताने करावा. उलगडलेला पत्ता आणि मागितलेला पत्ता जुळले, तर दोष लिहिणाऱ्याच्या समजुतीत आहे. न जुळले, तर मधे कोणीतरी पत्ता बदलीत आहे. येथे एक सावधगिरी हवी: सीएसएस फाइलमधील सापेक्ष पत्ता त्या फाइलच्या स्वतःच्या ठिकाणापासून मोजला जातो, पण जावास्क्रिप्टने फेचद्वारा मागितलेला पत्ता, त्या लिपीची फाइल कोठेही असली तरी, पानापासून मोजला जातो. सीएसएस लिहिणाऱ्यास ‘येथे’ म्हणजे स्वतःचे घर. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यास ‘येथे’ म्हणजे जेथे बोलावणे आले ते घर.

मराठी कोशाच्या बाबतीत आणखी एक दोष ह्यात मिसळून दिसतो, तो वेगळा काढला पाहिजे. ‘पाणी’ हा शब्द पत्त्यात पाठविताना त्याचे चार वर्णसंकेत यूटीएफ-८ प्रमाणे १२ बाइट होतात, आणि टक्केचिन्हाच्या पद्धतीने ते ३६ रोमी अक्षरांत लिहिले जातात. टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीपूर्वी हे बाइट एरवीच्या मांडणीत दुसऱ्या, पश्चिम युरोपीय संकेताने वाचले जात. त्यामुळे कोशात ‘पाणी’ असूनही सापडत नसे. पान सजावटीसह नीट येते आणि केवळ शब्द सापडत नाही, असे असेल तर तो दोष वर्णसंकेताचा आहे. स्लॅश आणि ठिपके हलवून तो जाणार नाही.

येथवर उपयोजनाच्या आतील पत्त्यांचा विचार झाला. कोशातील नोंदीचा हवाला प्रबंधात, पत्रात किंवा मुद्रित लेखात द्यावयाचा असेल, तेव्हा वाचणाऱ्याजवळ कोणताच आधारपत्ता नसतो. तेथे पद्धत आणि सर्व्हरचे नाव ह्यांसह पूर्ण निरपेक्ष पत्ताच दिला पाहिजे. आणि तसा तो एकदा छापला गेला की कोश हलविणाऱ्यावर त्याचे बंधन येते. ज्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाच्या तळटीपांत ‘/बोलीकोश/नोंद/पाणी’ ह्या मार्गाचा हवाला दिला, त्याच्या परीक्षकास तीन वर्षांनी तेथे ४०४ मिळाला, तर उदाहरण खरे होते की रचलेले, हे तपासण्याचे साधनच उरत नाही. म्हणून कोशास पुढे स्वतंत्र सर्व्हर मिळून ‘/बोलीकोश’ हे उपनाम निघून गेले, तरी जुन्या सर्व्हरवर त्या उपनामाखाली एक लहानसे उपयोजन मागे ठेवावे. मिळालेल्या मार्गातून उपनाम वगळून उरलेला मार्ग नव्या सर्व्हरच्या नावास जोडणे आणि ३०१ ह्या क्रमांकासह तो पूर्ण पत्ता ब्राउझरला कळविणे, एवढेच त्याचे काम. ते करताना मार्ग गेटरिक्वेस्टयूआरआयकडून घ्यावा. ती पद्धत टक्केचिन्हांतील अक्षरे जशीच्या तशी ठेवते, तर गेटपाथइन्फो ती उलगडून देते आणि देवनागरी शब्द पुन्हा बांधावा लागतो.